वजाबाकीचे नीतिशास्त्र : ‘फ्राउ इम मोंड’ आणि मागे उरणाऱ्याचा प्रश्न

१

अंतराळप्रवासाविषयीच्या आरंभीच्या चित्रपटांकडे पाहण्याची समीक्षेची एक रूढ रीत आहे. चित्रपटातील यंत्रयोजना कितपत अचूक होती, तिच्यातील कोणती भाकिते पुढे खरी ठरली, याचा ताळेबंद एका बाजूस मांडला जातो; कथानक किती भाबडे, पात्रे किती साचेबंद, भावनांचे चित्रण किती भडक, याची नोंद दुसऱ्या बाजूस होते. फ्रिट्झ लांग यांच्या ‘फ्राउ इम मोंड’ (चंद्रावरील स्त्री) या जर्मन मूकपटाच्या वाट्याला ही विभागणी विशेषत्वाने आली. १५ ऑक्टोबर १९२९ रोजी बर्लिनमध्ये प्रथम प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे अग्निबाणाच्या उड्डाणाचे दृश्य इतिहासात अढळ स्थान मिळवून बसले. त्याभोवतीची प्रेमकथा व हेरकथा मात्र क्षम्य दोष म्हणून बाजूला सारली गेली. जर्मन चित्रपटाचा मनोवैज्ञानिक इतिहास लिहिणाऱ्या सीगफ्रीड क्राकाउअर यांचाही कल १९४७ मध्ये असाच होता.

या विभागणीत एक गृहीतक दडलेले आहे. यंत्र ही विचाराची बाब आणि कथानक ही केवळ करमणुकीची बाब, असे ते गृहीतक होय. परंतु ‘फ्राउ इम मोंड’चा शेवटचा भाग बारकाईने पाहिला, तर चित्रपटातील खरा विचार या तथाकथित भडक कथानकातच वसला असल्याचे दिसते. तेथे एक जुना नैतिक प्रश्न नव्या परिस्थितीत उभा राहतो. सर्वांना पुरेल इतके जेव्हा उरत नाही, तेव्हा कोणाला वगळावयाचे, ते कोणी ठरवावयाचे, आणि वगळण्याची वेळ मुळात कोणी आणली? या तीन प्रश्नांपैकी पहिल्याची चर्चा तत्त्वज्ञानात भरपूर झाली, दुसऱ्याची काही प्रमाणात झाली, तिसरा मात्र बहुधा उदाहरणाच्या चौकटीबाहेरच ठेवला गेला. लांग यांचा चित्रपट या तिन्ही प्रश्नांना एकत्र आणतो, हे त्याचे वैशिष्ट्य आहे.

२

चित्रपटाची संहिता थेआ फोन हार्बू यांच्या त्याच नावाच्या, १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर आधारलेली आहे. शास्त्रीय सल्लागार होते हेर्मान ओबेर्थ. ग्रहांतराळात जाणाऱ्या अग्निबाणाविषयीचा त्यांचा ग्रंथ १९२३ मध्ये निघाला होता. त्यांच्या जोडीला विली लाय होते. टप्प्याटप्प्याने गळून पडणारा अग्निबाण, प्रवेगाचा ताण सोसण्यासाठी आडवे झोपलेले प्रवासी, वजनरहित अवस्थेत पाय अडकवण्यासाठी जमिनीला लावलेले पट्टे, या गोष्टी चित्रपटात या सल्ल्यातून आल्या. उड्डाणापूर्वीची उलटी मोजणी मात्र लांग यांनी नाट्याच्या गरजेपोटी योजली. मूकपटात ध्वनी नसल्याने पडद्यावर आकडे येतात, एकेक करून घटतात, आणि शून्याच्या जागी ‘आता’ असा शब्द उमटतो. पुढे प्रत्यक्ष उड्डाणांत ही पद्धत रूढ झाली. चढत्या क्रमाने मोजताना शेवट कोठे आहे हे श्रोत्याला कळत नाही, उतरत्या क्रमात ते प्रत्येकाला ठाऊक असते. येथे काळ हा साठ्यासारखा असतो व तो संपत जातो. चित्रपटाच्या उत्तरार्धातील सारे नाट्य याच जाणिवेवर उभे आहे, म्हणून उलटी मोजणी हा निव्वळ तांत्रिक शोध ठरत नाही. ती या कलाकृतीच्या आशयाची पूर्वसूचना आहे.

यानात सहा माणसे आहेत. मोहिमेचा प्रवर्तक हेलियुस; त्याचा अभियंता मित्र विंडेगर; विंडेगरची वाग्दत्त वधू आणि स्वतः विज्ञानाची अभ्यासक फ्रीडे, जिच्यावर हेलियुसचे अबोल प्रेम आहे; चंद्रावर सोने असल्याचा सिद्धांत मांडल्यामुळे तरुणपणी विद्वत्सभेत उपहास सोसलेले वृद्ध प्राध्यापक मानफेल्ट; जगातील सोन्यावर ताबा ठेवणाऱ्या धनिकांच्या गटाचा हस्तक, जो स्वतःला टर्नर म्हणवतो; आणि चोरून यानात शिरलेला गुस्टाव नावाचा मुलगा. यानाचे नावही ‘फ्रीडे’ म्हणजे शांती हेच आहे. चंद्राच्या पलीकडच्या बाजूस श्वसनयोग्य हवा आहे, असे चित्रपटाने मानले आहे. विज्ञानाच्या दृष्टीने हे खोटे आहे आणि १९२९ मध्येही ते बहुतेक जाणकारांना खोटेच वाटले असणार. परंतु कथनाच्या दृष्टीने ही हवा आवश्यक आहे; तिच्यामुळे मागे राहणाऱ्याला तत्काळ मरण येत नाही. नैतिक प्रश्नाला तिने कसे वळण दिले, याचा विचार पुढे करावयाचा आहे.

मानफेल्ट यांना सोने सापडते आणि त्या सोन्याच्या नादातच ते दरीत कोसळतात. टर्नर यान बळकावू पाहतो, झटापटीत मारला जातो, पण गोळीबारात प्राणवायूच्या टाक्यांना छिद्र पडते. परतीच्या प्रवासासाठी उरलेला साठा चौघांना पुरणारा नाही. एकाने मागे राहिले पाहिजे.

येथे कथानकाची एक सोय ध्यानात घेण्याजोगी आहे. सहापैकी दोघे आधीच गेले आहेत: एक लोभी, दुसरा भ्रमिष्ट. ते जिवंत असते तर तुटवडा अधिक झाला असता आणि निवड अधिक अवघड झाली असती. टर्नरला वगळण्यास प्रेक्षकाची हरकत नसती. वृद्ध मानफेल्ट यांना वगळावे काय, हा प्रश्न मात्र त्याला बोचला असता. कथानकाने हा पेच मृत्यूकरवी परस्पर सोडवला. कथा जेव्हा नैतिक गणित मांडते, तेव्हा गणितातील काही आकडे ती आपल्या नजरेआड खोडून टाकते, हे वाचकाने विसरता कामा नये.

३

उरलेल्या चौघांत सोडत होते ती केवळ हेलियुस आणि विंडेगर यांच्यात. काड्या ओढल्या जातात, आखूड काडी विंडेगरच्या हाती येते. फ्रीडे व गुस्टाव यांना या सोडतीतून वगळले आहे, आणि त्याचे कारण सांगण्याची कोणाला गरजही वाटत नाही. स्त्रिया व मुले प्रथम, हा सागरी शिष्टाचार यानातही गृहीत धरलेला आहे. दैवाची समता ही अशा रीतीने आधीच आखलेल्या वर्तुळातील समता असते. वर्तुळ कोणी आखले, हे सोडत कधीच सांगत नाही.

सोडतीचा युक्तिवाद प्राचीन आहे. स्टोइक विचारवंत हेकाटोन याचे एक उदाहरण सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात नोंदवले आहे. जहाज फुटले, फळी एक आणि सुज्ञ माणसे दोन. फळी कोणाची? ज्याचे जगणे स्वतःच्या वा राष्ट्राच्या दृष्टीने अधिक मोलाचे, त्याच्यासाठी दुसऱ्याने सोडावी. आणि दोघांचे मोल सारखे असेल, तर जणू चिठ्ठीने ठरल्याप्रमाणे एकाने दुसऱ्याला वाट द्यावी, असे हे उत्तर आहे. त्यात दैवाला दुय्यम स्थान आहे. आधी मोल ठरवावयाचे, ते सारखे निघाले तरच दैवाकडे जावयाचे. आधुनिक न्यायालयांनी हा क्रम बदलला. ‘विल्यम ब्राउन’ हे जहाज १८४१ मध्ये बुडाल्यावर भरलेल्या होडीतून प्रवाशांना समुद्रात फेकणाऱ्या खलाशावर फिलाडेल्फियात १८४२ मध्ये खटला चालला. तेथे न्यायमूर्ती बाल्डविन यांनी असा विचार मांडला, की निवड अटळच असेल तर ती चिठ्ठ्या टाकून व्हावी. १८८४ मध्ये इंग्लंडमध्ये ‘मिन्योनेट’ या नौकेच्या प्रकरणात १७ वर्षांच्या रिचर्ड पार्करला त्याच्या सोबत्यांनी सोडतीविनाच मारून खाल्ले. त्या निकालात न्यायालयाने विचारलेला प्रश्न मूलगामी होता: एका जीवाचे दुसऱ्याच्या तुलनेतील मोल कोणत्या मापाने मोजावयाचे, आणि ते मोजण्याचा अधिकार कोणाचा? पार्कर हा सर्वांत दुबळा, आजारी व एकटा होता. त्याची निवड ‘गरजे’ने केली असे म्हणणे म्हणजे बलवंतांच्या सोयीला गरजेचे नाव देणे होय.

सोडतीचे नैतिक सामर्थ्य येथे दिसते. ती कोणाचेही मोल ठरवण्यास नकार देते. जॉन टॉरेक यांनी १९७७ मध्ये ‘संख्येला महत्त्व असावे काय?’ असा प्रश्न विचारून हाच नकार अखेरपर्यंत ताणला. प्रत्येकाचे नुकसान हे त्याचे त्याचे नुकसान असते. नुकसानांची बेरीज भोगणारा असा कोणी नसतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे. परंतु सोडतीची मर्यादाही याच सामर्थ्यात आहे. ती निवडीला निर्दोष करते, पण परिणामाला सह्य करत नाही. आखूड काडी हाती आलेला विंडेगर उन्मळून पडतो. त्याच्याविषयी समीक्षेने भ्याड असा शिक्का मारण्याची घाई केली आहे. वस्तुतः न्याय्य पद्धतीने अन्याय्य स्थितीत सापडलेल्या माणसाचा हा सर्वांत प्रामाणिक प्रतिसाद आहे. तक्रार करावयास समोर कोणी अपराधी नाही, आणि तरीही ज्याचे सारे हिरावले आहे, त्याने भयाखेरीज दुसरे काय व्यक्त करावे?

४

यानंतर हेलियुस जे करतो, त्यावर चित्रपटाचे नैतिक आकलन अवलंबून आहे. तो सोडत मोडतो. मद्यात गुंगीचे औषध घालून ते विंडेगर व फ्रीडे यांना द्यावे, दोघांना निद्रिस्त अवस्थेत पृथ्वीकडे रवाना करावे आणि आपण मागे राहावे, असा बेत तो रचतो. गुस्टावला विश्वासात घेऊन यान चालवण्याचे काम त्याच्यावर सोपवतो. रूढ वाचनात हा आत्मत्याग आहे, आणि तो आहेही. परंतु त्यागाची ही रीत तपासून पाहिली पाहिजे. ज्यांच्यासाठी तो करावयाचा, त्यांची संमती येथे औषधाने पुसून टाकली जाते. विंडेगर जागा झाल्यावर त्याच्या वाट्याला येणारे आयुष्य त्याने मागितलेले नाही, नाकारण्याची संधीही त्याला मिळालेली नाही. फ्रीडेने कोणासोबत जावे हेही हेलियुसनेच ठरवले आहे. दाता स्वतःचे सर्वस्व देतो, पण निर्णयाचे स्वामित्व मात्र अखेरपर्यंत स्वतःपाशी ठेवतो. महाभारतातील एकचक्रानगरीच्या कथेत बकासुराकडे कोणी जावे यावर ब्राह्मणाच्या घरात चर्चा होते. पत्नी, कन्या, एवढेच काय, हाती गवताची काडी घेतलेला लहानगा मुलगा, सारेच स्वतःला पुढे करतात. तेथील त्याग उघड्यावर बोलला जातो, त्याला प्रत्युत्तर मिळते, तो नाकारताही येतो. हेलियुसचा त्याग असा संवादाला खुला नाही.

फ्रीडेची कृती या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. मद्यात काही मिसळल्याची शंका तिला येते. ती पिण्याचा बहाणा करते व आपल्या कक्षात जाऊन दार लावून घेते. यान निघून जाते. मागे राहणाऱ्यासाठी उभारलेल्या तळाकडे हेलियुस चालू लागतो, आणि फ्रीडे तेथे आहे असे त्याला आढळते. तो तिच्या खांद्यावर डोके ठेवून रडतो, आणि चित्रपट संपतो.

हा शेवट गोड प्रेमकथेचा शेवट म्हणून उपेक्षिला गेला. त्यातील विलक्षणता गणिताच्या भाषेतच मांडता येते. प्राणवायूच्या तुटवड्याने एकाची वजाबाकी मागितली होती. हेलियुस मागे राहिल्यावर हिशेब पूर्ण झाला. फ्रीडेच्या राहण्याने कोणाचाही जीव वाचत नाही. यानात एकाच्या वाट्याचा प्राणवायू अधिकच उरतो. म्हणजे तिची कृती त्यागाच्या व्याख्येत बसत नाही, कारण त्यागाला लाभार्थी लागतो. ती कर्तव्याच्या व्याख्येतही बसत नाही. उपयुक्ततेच्या दृष्टीने तर ती निव्वळ उधळपट्टी आहे. मग ती काय आहे? मराठीत वजाबाकीनंतर जे राहते त्याला ‘बाकी’ म्हणतात. मात्र येथे हिशेब यानाच्या बाजूने मांडला गेला असल्याने मागे राहणारा माणूस बाकीतही धरला जात नाही. तो वजा झालेला असतो. फ्रीडे त्या वजा झालेल्या माणसापाशी उभी राहते. तुटवडा कोणाला तरी मागे ठेवण्यास भाग पाडू शकतो, हे ती मान्य करते. मागे ठेवलेल्याला एकटे सोडणे मात्र त्यातून निष्पन्न होत नाही, हे ती आपल्या कृतीने सिद्ध करते. वगळणे आणि त्यागून जाणे यांतील हा भेद तत्त्वज्ञानातील होडीच्या उदाहरणांत क्वचितच आढळतो, कारण तेथे होडीबाहेरचा माणूस लगेच बुडतो. चंद्रावरील ती अशास्त्रीय हवा येथे उपयोगी पडते. वगळलेला माणूस जिवंत राहतो, आणि म्हणूनच त्याच्याशी असलेले नाते हा प्रश्न जिवंत राहतो.

तिने हे केले तेही फसवणुकीला फसवणुकीने उत्तर देऊन, यातील उपरोध दृष्टीआड करता येत नाही. विंडेगरच्या बाजूने पाहिले तर जाग आल्यावर त्याला मित्र व वधू या दोघांनीही न सांगता सोडल्याचे कळणार आहे. ‘एकटे न सोडण्या’चे जे मूल्य चंद्रावर प्रस्थापित होते, ते यानात भंगते. चित्रपट विंडेगरची ती जाग दाखवत नाही, आणि ही त्याची उणीव आहे.

५

दोन उत्तरकालीन कलाकृतींशी तुलना केल्यास तिसरा प्रश्न, म्हणजे तुटवडा कोणी निर्माण केला हा प्रश्न, स्पष्ट होतो. जॉर्ज पाल निर्मित व अर्व्हिंग पिचेल दिग्दर्शित ‘डेस्टिनेशन मून’ (१९५०) या अमेरिकी चित्रपटात चंद्रावर उतरताना इंधन अधिक खर्च होते व वजन कमी करणे भाग पडते. एकाने राहिलेच पाहिजे अशी वेळ येते, तंत्रज्ञ स्वीनी गुपचूप यानाबाहेर जातो, पण अखेर युक्तीने आणखी साहित्य बाहेर टाकून सर्वांना परतता येते. येथे नैतिक पेच हा अभियांत्रिकीचा पेच ठरतो. पुरेशी कल्पकता असेल तर कोणालाही वगळावे लागत नाही, असा त्या काळातील आत्मविश्वास त्यात आहे. टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ (१९५४) ही कथा याच्या नेमकी उलट आहे. रोगग्रस्त वसाहतीकडे लस घेऊन निघालेल्या छोट्या यानात भावाला भेटण्याच्या ओढीने एक तरुण मुलगी लपून बसते. इंधन नेमके मोजून दिलेले असते. तिला अवकाशात सोडून देण्यावाचून गत्यंतर राहत नाही. निसर्गाचे समीकरण थंड असते, त्याला दया नसते, असे ही कथा बजावते.

परंतु समीकरण निसर्गाचे असले तरी त्यातील आकडे कोणी भरले? किंचितही राखीव इंधन न देण्याचा निर्णय, यानाच्या दाराशी केवळ सूचनेची पाटी लावून थांबण्याचा निर्णय, हे निसर्गनियम नव्हेत. कथा त्यांना निसर्गनियमांच्या पंक्तीत बसवते, आणि म्हणून तिचा कठोरपणा हा प्रामाणिकपणा वाटत असला तरी तो एक प्रकारचा पक्षपात आहे. गॅरेट हार्डिन यांनी १९७४ मध्ये श्रीमंत राष्ट्रांना होडीची उपमा देऊन गरिबांना बाहेर ठेवण्याचे समर्थन केले, तेव्हाही हीच रीत होती: होडीची क्षमता दिलेली मानावयाची, ती कोणी व कशी भरली हे विचारावयाचे नाही. एकचक्रेच्या कथेतील ब्राह्मण या बाबतीत अधिक सावध आहे. आपल्यावर पाळी आली ती राजा दुर्बल असल्यामुळे, हे तो विसरत नाही.

‘फ्राउ इम मोंड’ या दोहोंच्या मध्ये उभा आहे. प्राणवायू कमी झाला तो गणितामुळे नव्हे, गोळीमुळे. गोळी टर्नरची असली तरी टर्नर हा सोन्याच्या मालकांचा माणूस आहे, आणि आराखडे चोरून व धमकी देऊन त्याला यानात घुसवण्याइतके बळ त्यांच्याकडे आहे. म्हणजे सोडतीपर्यंत पोचणाऱ्या कार्यकारणाच्या साखळीचे पहिले टोक पृथ्वीवरील भांडवलाच्या बैठकीत आहे. चित्रपटाने ही साखळी दाखवली आहे. मात्र टर्नर मरताच चित्रपट तिचा विसर पाडतो; सोडतीच्या प्रसंगी कोणीही त्या बैठकीचे नाव काढत नाही.

६

या विस्मरणाला चित्रपटाबाहेरच्या इतिहासाने दिलेले भाष्य भयंकर आहे. प्रसिद्धीसाठी ओबेर्थ यांनी खराखुरा अग्निबाण उडवावा अशी योजना होती, ती फसली. पण त्यांच्याभोवती जमलेल्या तरुणांत वेर्नर फोन ब्राउन होते. ३ ऑक्टोबर १९४२ रोजी पेनेम्युंडे येथून पुढे ‘व्ही-२’ म्हणून ओळखल्या गेलेल्या अग्निबाणाचे पहिले यशस्वी उड्डाण झाले, तेव्हा त्याच्या अंगावर ‘फ्राउ इम मोंड’चे चित्र रंगवलेले होते. सप्टेंबर १९४४ पासून हे अग्निबाण लंडन व अन्य शहरांवर पडू लागले. ते बनवण्यासाठी मिटेलबाऊ-डोरा या छळछावणीतील कैद्यांना बोगद्यांत राबवले गेले. सुमारे ६०,००० कैदी त्या छावणीतून गेले आणि त्यांतील सुमारे २०,००० मृत्युमुखी पडले. लांग यांनी १९३३ मध्ये जर्मनी सोडला. हार्बू तेथेच राहून त्या राजवटीत चित्रपटलेखन करीत राहिल्या.

या घटनांचा दोष चित्रपटावर ठेवणे हे इतिहासाचे सुलभीकरण होईल. एका कलाकृतीचे चित्र शस्त्रावर रंगवले गेले म्हणून ती कलाकृती शस्त्र ठरत नाही. परंतु चित्रपटाने उपस्थित केलेला प्रश्न त्या बोगद्यांसमोर नेऊन ठेवणे समीक्षेला भाग आहे. यानातील चौघांचा हिशेब झाला, कारण चौघेही मोजले गेले होते. डोराच्या कैद्यांसाठी कोणी काड्या ओढल्या नाहीत. ते वजाबाकीच्या आधीच आकड्यांतून गळलेले होते. होडीचे, फळीचे, यानाचे उदाहरण घेऊन चालणारे नीतिशास्त्र होडीत बसलेल्यांपासून आरंभ करते. होडी बांधताना जे मेले त्यांचा विचार करण्यास त्याच्यापाशी भाषाच नसते.

७

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष चित्रपटाच्या मूल्यमापनापुरता मर्यादित नाही. ज्या चित्रपटात यंत्र भविष्याचे आणि कथा भूतकाळाची असे म्हटले गेले, त्यात उलट घडले आहे. यंत्राचे सारे नावीन्य आता इतिहासजमा झाले. टप्प्यांचा अग्निबाण व उलटी मोजणी यांचे आज कोणाला आश्चर्य वाटत नाही. उरला आहे तो मागे राहणाऱ्याचा प्रश्न. लांग व हार्बू यांनी त्याचे पूर्ण उत्तर दिलेले नाही. सोडतीचे वर्तुळ त्यांनी प्रश्नाविना स्वीकारले, विंडेगरची जाग टाळली, सोन्याच्या मालकांना विसरू दिले. तरीही एका स्त्रीच्या, हिशेबाच्या दृष्टीने निरर्थक अशा कृतीतून त्यांनी एक गोष्ट दाखवून दिली. तुटवडा खरा असू शकतो, निवड अटळ असू शकते, पद्धत न्याय्य असू शकते; आणि हे सारे मान्य केल्यावरही ज्याला वगळले त्याचे आपल्यावरील ऋण फिटत नाही. वजाबाकी बरोबर आली म्हणजे प्रश्न सुटला, असे मानणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेला, मग ती यानाची असो वा राष्ट्राची, हे ऋण आठवून द्यावे लागते. ते आठवून देण्याचे काम त्या मूकपटातील भडक म्हणून हिणवलेला शेवट आजही करीत आहे.